पोपटवाल्याच्या नावाचं कुलूप

जावई संगणकातला निघाला की सासवा हुरळून जातात. मी मात्र पहिल्यापासून डोळ्यांत तेल घालून बसले.

माझं काम बुटांचं. ज्यांचे दोन पाय सारखे नसतात, त्यांच्या बुटांचं. जावईही मुळात माझं गिऱ्हाईकच. पहिल्यांदा आला तेव्हा ‘दार लावून घ्या’ म्हणाला आणि मगच मोजा काढला. असल्या माणसांना दुकानात यायची लाज वाटते, म्हणून त्याने वेबसाइट करून दिली. तिथे लोक पायाची मापं लिहितात, फोटो टाकतात. ती सगळी झाकली मूठ. ती उघडी पडली तर माझ्या दाराशी कोण फिरकणार?

एके दिवशी एका बाईंचा फोन आला. “तुमची साइट सुरक्षित नाही असं येतंय. मी नाही बाई फोटो टाकणार!” मी जाऊन पाहिलं. तो इशारा उघडला, तर साइटच्या कुलपाचं जे प्रमाणपत्र असतं, त्यावर कुणा पोपट विकणाऱ्याचं नाव! माझ्या दारावर पोपटवाल्याची पाटी?

“शेअर्ड होस्टिंग आहे, आई,” जावई म्हणाला. “एका इमारतीत ढीगभर भाडेकरू. आपल्या नावाचं प्रमाणपत्र नाही, म्हणून शेजाऱ्याचं दिसतंय. फुकट मिळतं ते, मी घेतो.”

फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. फुकट कोण देतं या जगात? ह्याने माझ्या लोकांची मापं पोपटवाल्याला विकली असणार. पोपटांना बूट कशाला लागतात, हे काही तेव्हा सुचलं नाही.

फोटो बदलायला म्हणून त्यानेच मला साइटचे फोल्डर उघडायला शिकवलं होतं. आता मी येता-जाता ते उघडू लागले. एक नवा फोल्डर दिसला, त्यात अगम्य अक्षरांची एक फाइल. चोराने उंबऱ्याशी किल्ली लपवावी तशी. पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुन्हा पुसली.

“प्रमाणपत्राची पडताळणी अडतेय हो, आई. काही कळत नाही,” तो पडल्या चेहऱ्याने सांगायचा. मी मनात म्हणायचे, चोराच्या मनात चांदणं.

रविवारी लेक-जावई जेवायला आले. माझा धीर सुटला.

“जावईबापू, त्या फोल्डरमध्ये रोज काय लपवता? आणि पोपटवाला काय देतो तुम्हाला?”

लेकीचा घास हातातच राहिला.

“ती फाइल तुम्ही पुसत होता?” त्याने विचारलं.

“पुसणारच! साइट माझी आहे.”

“तेच तर सिद्ध करायचं होतं. प्रमाणपत्र देणारे काही अक्षरं देतात आणि म्हणतात, साइट तुमची असेल तर ही तिच्यात ठेवून दाखवा. ते येऊन वाचतात, मग प्रमाणपत्र देतात. साइट तुमची असल्याचा पुरावा होता तो, आई.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक माझ्याकडे बघेना.

तो ताटावरून उठला, हात धुऊन आला आणि त्याने फाइल पुन्हा साइटवर ठेवली. मी हात मांडीत धरून बसले. थोड्या वेळाने इशारा गेला, प्रमाणपत्रावर माझ्या दुकानाचं नाव आलं.

“आता साइटचा पासवर्ड बदला,” तो म्हणाला. “मला सांगू नका.” आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझी बोटं चारदा चुकली.

निघताना तो दाराशी बूट घालत होता. मीच शिवलेले, डावा तळ दोन बोटं जाड. टाच एका बाजूने पार झिजली होती.

“टाच गेलीये,” मी म्हटलं. “ठेवून जा ना. उद्या करून देते.”

त्याने नाडी घट्ट बांधली.

“नको, आई. दाखवतो दुसरीकडे.”