अर्ध्या ब्लेडचा वस्तरा

आचेंगच्या सासुरवाडीला, बन्यूरेस्मीला, दर तिसऱ्या घरात एक न्हावी. अशा गावात, सगळ्यांच्या देखत, पाच ब्लेडच्या प्लॅस्टिकच्या रेझरनं दाढी करायची म्हणजे कोळीवाड्यात डब्यातले मासे उघडून खायचे. आचेंग ते दर शुक्रवारी, सुट्टीला आला की, नमाजाआधी, अंगणातल्या बांबूच्या नळीतून पडणाऱ्या धारेखाली उभा राहून करायचा, आणि त्याची सासू, जिला सगळं घर एमा म्हणे, तेवढ्या वेळापुरती मुद्दाम घराची खिडकी लावून घ्यायची.

आचेंगची बाजूही ऐकायला हवी. तो बांडुंग शहरात एका बँकेच्या दारावर पहारेकरी. रोज सकाळी साहेब पहारेकऱ्यांच्या हनुवट्यांवरून नजर फिरवायचा आणि खुंट दिसले की घरी पाठवायचा. दाढीला सुट्टी नव्हती. चार कार्ट्रिजचं पाकीट एक लाख नव्वद हजार रुपियांना मिळे, ते महिन्याला एक लागतं, असं त्यावरच लिहिलेलं. पण पगार तोकडा, म्हणून हा एक-एक कार्ट्रिज महिनाभर ओढायचा. मग गळ्यावर लाल पुटकुळ्या. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं कंजुषाबद्दल म्हणतात. आचेंगची चमडीही जात होती आणि दमडीही.

बायको एनुंग बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि तिला हिशेबाला भरपूर वेळ होता. तिनं एकदा कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकडे मांडले. नवऱ्याला ती मानानं 'कांग' म्हणे.

"कांग, जसं पाकिटावर लिहिलंय तसं वापरलंत तर तुमच्या दाढीला वर्षाला बावीस लाख ऐंशी हजार लागतात. अबाहना किती, सांगू? बावन्न हजार."

अबाह म्हणजे तिचे वडील, अबाह ओमो. अडतीस वर्षं बांडुंगला एका मोठ्या झाडाखाली खुर्ची आणि आरसा मांडून त्यांनी लोकांच्या दाढ्या केल्या होत्या. दोन हजारांचं ब्लेड कागदासकट मधोमध कट्‌कन मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात घालायचं, अर्धं पुढच्या आठवड्याला ठेवायचं, हा त्यांचा स्वतःच्या दाढीचा नेम.

"स्वस्त आहे, पण कापतं," आचेंग म्हणाला. "माझा बघ, डोळे मिटून फिरवला तरी कापत नाही."

"जे कापत नाही त्याला बावीस लाख?" एमा आतून म्हणाली.

अबाह हसले. "पाच ब्लेड कशाला रे, जांग? पहिली चार काय नुसती पाचव्याच्या सोबतीला येतात?"

ते पोराठोरांना हाक मारतात तसं जावयालाही 'जांग' म्हणत. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसावं.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. पण लग्नानंतर आठ वर्षांनी, अल्लानं दोनदा आशा लावून हिरावून घेतल्यावर, एनुंगला मुलगा झाला. गिलांग. चाळिसाव्या दिवशी त्याचं जावळ काढायचं होतं. बांडुंगहून गावी येऊन येऊन अबाहनी गावातल्या दोन पिढ्यांची जावळं काढली होती. लोक पोर घेऊन यायचे, अबाह त्या एवढ्याशा गिऱ्हाइकाकडेही मान लववून डोक्याला हात लावायची परवानगी मागायचे आणि मग कामाला लागायचे. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नातवंडाचं डोकंच नव्हतं. आता आलं होतं. अबाह त्या दिवसाची वाट बघत होते हे उभ्या गावाला ठाऊक होतं, आचेंगलाही.

आणि चाळिसाव्या दिवशी सकाळीच आचेंगनं पाहिलं, की अबाहनी कप उचलला आणि चहा बशीत सांडला. कप ओठांपर्यंत जाईतो दोनदा हिंदकळला. ही बोटं, तो वस्तरा, आणि गिलांगची टाळू, जी अजून भरलेलीसुद्धा नव्हती!

"अबाह," तो म्हणाला, "जावळ मीच काढतो म्हणतो. नवं पाकीट आणलंय."

एनुंगनं त्याच्याकडे असं पाहिलं, की बँकेवर दरोडा पडला असता तर तो दरोडेखोर तिथूनच परत गेला असता. अबाहनी कप खाली ठेवला.

"बाप आहेस," ते म्हणाले. "तुझा हक्क आहे."

एवढंच म्हणून ते पाहुण्यांसाठी चटया घालायला उठले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं आचेंगला वाटलं.

दुपारच्या नमाजानंतर माणसं जमली. उभं राहून सगळ्यांनी पैगंबरांची स्तुती, सलवात, म्हटली, गिलांग एका हातातून दुसऱ्या हातात गेला, प्रत्येक वडीलधाऱ्यानं कात्रीनं त्याची चिमूटभर बट कापून फुलं घातलेल्या शहाळ्यात टाकली. मग मंडळी केळीच्या पानांवर भातमासळी जेवायला बसली आणि उरलेलं डोकं पूर्ण उतरवायची जबाबदारी ओसरीवर आचेंगकडे आली. रीत अशी, की सगळे केस जमा करायचे, वाळवून काट्यावर घालायचे, आणि जेवढं वजन भरेल तेवढ्या सोन्याची किंमत गरिबांना वाटायची. सराफाकडून काटा आणून ठेवलेला होता. मौलवी स्वतः बसले होते.

एनुंगच्या मांडीवर गिलांग दूध पिऊन सुस्त झालेला. आचेंगनं कोरं कार्ट्रिज लावलं, कपाळापासून डाव्या कानाकडे एक पट्टा ओढला. दोन बोटं पुढे जातो न जातो तोच पाचही फटींमध्ये जावळ गच्च बसलं. रेझर सरकेना. दाबून ओढला तशी कातडी गोळा झाली आणि गिलांगनं टाहो फोडला. डोक्यावर लाल पट्टा उमटला. आणि मग त्यानं, रोज सकाळी करतो तेच, विचार न करता केलं. तरातरा अंगणात गेला, बांबूच्या धारेखाली रेझर धरला, खळखळून धुतला आणि परत आला. असं त्यानं तीनदा केलं. डाव्या बाजूचा पट्टा कसाबसा साफ झाला.

"आणि केस कुठायत?" एमानं विचारलं.

आचेंगनं वळून अंगणाकडे पाहिलं. बांबूची धार खालच्या तळ्यात पडत होती, आणि तळ्यातले मासे तोंडं वर करून जमले होते.

"या अल्ला! नातवाचं सोनं माशांना घातलं!" एमा ओरडली. जेवणारी माणसं घास हातात धरून उठली. "गरिबांच्या तोंडचं काढून माशांना!"

"मासे काढून वजन करू," कुणीतरी म्हणालं, आणि गावभरचे न्हावी हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आचेंगला मात्र हसणं ऐकूच येत नव्हतं. त्याला मुलाच्या डोक्यावरचा लाल पट्टा तेवढा दिसत होता. आपणच केलाय तो, या जाणिवेनं त्याचे हात लटपटत होते, आणि आता त्या घरात सगळ्यात थरथरते हात त्याचेच होते.

"अबाह," तो म्हणाला, "तुम्ही काढा."

अबाहनी हात धुतले. कोरं ब्लेड कागदासकट मोडलं, अर्धं वस्तऱ्यात बसवलं. एनुंगला म्हणाले, "घाई नाही. झोपू दे त्याला." पाव तास ते नुसते बसून राहिले. गिलांग हुंदके देत देत झोपला. मग त्यांनी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्याच्या डोक्यावर ठेवलं, मान लववली आणि हळूच परवानगी मागितली.

हात थरथरत होता. आचेंगनं तो बघितला. पण अबाहनी आधी करंगळी गिलांगच्या डोक्यावर टेकवली, मग मनगट, आणि मगच वस्तरा. आता हात हलला तरी डोक्यासोबत हलत होता, डोकं हललं तरी हात सोबत जात होता. दोघांमध्ये फटच उरली नव्हती. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून अबाह तांदळाएवढ्या जागेवर वस्तरा टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत. केस पात्यावर चढून बसे, अबाह तो मांडीवरच्या पांढऱ्या कापडाला पुसत. एकही केस खाली पडत नव्हता. ओसरीवर बसलेले वीसेक न्हावी गप्प झाले होते. ज्यांना काम कळतं त्यांची गप्प बसण्याची तऱ्हाच निराळी असते.

अर्ध्यावर अबाह थांबले. "मौलवीसाहेब, डावीकडचा पट्टा माशांनी खाल्ला. उजवीकडे तेवढाच पट्टा मी वेगळ्या कापडावर घेतो. त्याचं वजन दोनदा धरा. चालेल?"

मौलवींनी दाढीवरून हात फिरवला. "ओमो, तू माझ्या जागी बसायला हवा होतास."

वाळवून वजन केलं तेव्हा सगळे जमलेले केस सहा दशांश ग्रॅम भरले, त्यातला उजवा पट्टा एक दशांश. म्हणजे माशांचा धरून सात दशांश. सोन्याच्या भावानं तेरा लाख तेहतीस हजार. आचेंगनं ते मौलवींच्या हातात ठेवले. एनुंगनं मनात भागाकार केला आणि नवऱ्याच्या कानात म्हणाली, "माशांनी नेमकं तुमच्या एका पाकिटाएवढं खाल्लं." ती हसत होती. गिलांग झोपेतच होता. अबाहनी काढलेल्या भागावर लाल ठिपकासुद्धा नव्हता.

सूर्यास्ताच्या नमाजाआधी अबाह हातपाय धुवायला धारेपाशी गेले. आचेंग मागोमाग गेला. माफी मागायची होती. अबाहनी पाय धुवायला कमरेचं सारोंग, लुंगीसारखं, गुडघ्यापर्यंत उचललं, आणि आचेंग जागच्या जागी उभा राहिला.

अबाहच्या दोन्ही पोटऱ्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत साफ तासलेल्या होत्या, आणि त्यांवर काप होते. बारीक, आडवे, कितीतरी. काही पांढरे पडलेले, काहींवर अजून खपली.

"अबाह, हे काय?"

"सराव," अबाह म्हणाले, जसं काही त्यानं वेळ विचारली होती. "माझा चहा सांडताना तू आज बघितलास. मी वर्षभर बघतोय."

"कधीपासून हे?"

"पोर जन्मलं त्या दिवसापासून. रोज थोडं थोडं, जागा बदलून. पहिले पंधरा दिवस रोज रक्त. मग करंगळी कुठं टेकवायची ते सापडलं. गेले नऊ दिवस एकही काप नाही."

"मग सकाळी मला सांगायचं ना! मी कशाला..."

"काय सांगू? माझा हात चांगला आहे म्हणून? तू त्याचा बाप. तू भ्यालास, ते बरोबर केलंस." अबाहनी पाय पाण्याखाली सरकवला आणि किंचित ओठ आवळले. "आणि काल जरी एक काप लागला असता ना, जांग, तर सकाळी मीच तुला म्हणालो असतो, की तुझा तो पाच ब्लेडचा काढ."

आचेंगला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. आठ वर्षं ज्या माणसाला तो जुन्या वळणाचा चिकट म्हातारा समजत होता, त्यानं दोन हजारांच्या ब्लेडची खरी किंमत चाळीस दिवस स्वतःच्या कातडीवर मोजली होती, आणि ती वसूल न होण्याची तयारीही ठेवली होती.

"झोंबतंय का?" त्यानं विचारलं.

"पाणी लागलं की थोडं."

आचेंग खाली बसला. बांबूची धार त्यानं स्वतःच्या ओंजळीत घेतली आणि हळूहळू अबाहच्या पायांवर सोडली.