आईच्या वाढदिवसाचं पुस्तक

गुणवंतीबाई संध्याकाळी कामावरून घरी आल्या की उभ्या उभ्याच पाणी पीत आणि तशाच तांदूळ धुवायला घेत. बंदराजवळच्या कारखान्यात दिवसभर बर्फात हात घालून कोळंबी सोलायची आणि घरी येऊन भात-कालवणाला लागायचं, असा त्यांचा अठरा वर्षांचा क्रम. नवरा भावेश मासेमारीच्या बोटीवर, एकदा गेला की आठ-आठ दिवस समुद्रात. घरी दोन मुलं. दर्शन मोबाइलच्या दुकानात नोकरीला आणि आरोही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दोघंही आईवर जीव टाकणारी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वाईट मुलांच्या घरातली ही गोष्ट असती तर मी ती लिहायला बसलोच नसतो.

एकदा जेवताना दर्शन म्हणाला, "आई, रोज आपलं तेच तेच. तुला कंटाळा नाय येत?"

"दुसरं काय सुचतच नाय रे," गुणवंतीबाई म्हणाल्या. "घरी येईपर्यंत डोकं चालायचं थांबतं."

आरोहीने हे ऐकलं. शनिवारी आईचा पन्नासावा वाढदिवस होता. आईला सुचत नाही ना, मग सुचवणारं पुस्तकच देऊ, असं तिने ठरवलं आणि भावाला घेऊन बाजारातलं पुस्तकांचं दुकान गाठलं.

दुकानदार रावजींनी पुस्तकांची चळत पुढ्यात ठेवली. एक फार जाड होतं, आईला वाचायला वेळ कुठला? दुसऱ्यात सगळं ओव्हनमधलं. तिसरं वजन कमी करणाऱ्यांचं. शेवटी हाताला लागलं 'धावपळीच्या आईसाठी झटपट पन्नास पदार्थ'. मुखपृष्ठावरच्या बाईच्या खांद्याला पर्स, हातात डाव आणि चेहऱ्यावर भरघोस हसू. दिवसभर राबून आलेली बाई इतकी टवटवीत मी तरी अजून पाहिलेली नाही.

"हेच घे," दर्शन पानं चाळत म्हणाला. "ह्यात कोळंबी पुलाव पण हाय."

आठवडाभर कोळंबी सोलणाऱ्या बाईला कोळंबी पुलाव! पण तेव्हा दोघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. वाचकहो, 'धावपळीच्या बाबांसाठी' असं पुस्तक आपण कधी दुकानात पाहिलंय का? मी मुद्दाम शोधलं. मला मिळालं नाही.

शनिवारी संध्याकाळी मुलांनी आईच्या हातात पुस्तक ठेवलं. गुणवंतीबाईंनी पदराला हात पुसले आणि बोटांची टोकं न लावता, पेराने एकेक पान उलटलं.

"छान हाय गो," त्या म्हणाल्या. मग पुस्तक मिटत म्हणाल्या, "उद्या सुट्टीच हाय. उद्याच करते ह्यातलं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्यातली आईची एकुलती एक सुट्टी आपण टाळ्या वाजवून खर्चून टाकली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रविवारी सकाळी शेजारच्या चिमामावशी सहज डोकावल्या. त्या गुणवंतीबाईंच्या जुन्या सोबतीण. बोटं आखडली म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी कारखाना सोडला होता. पाहतात तर डब्याला टेकवून पुस्तक उघडं ठेवलेलं, नाकावर चष्मा आणि गुणवंतीबाई ओठ घट्ट मिटून मिरच्या चिरतायत. बाजूला सोललेल्या कोळंबीची वाटी. दर्शन मोबाइल बघत होता, आरोही नखं रंगवत होती.

"काय गो आरोही, हे काय चाललंय?"

"आईच्या वाढदिवसाचा पुलाव, मावशी! पुस्तक आम्ही दिलं."

चिमामावशींनी गुणवंतीबाईंच्या हातातली सुरी काढून घेतली आणि त्यांचा तळवा मुलांसमोर उलटा केला. कातडं पांढरं पडून सोलवटलं होतं. बोटांच्या टोकांवर भेगा होत्या आणि भेगांत मिरचीचं पाणी गेलं होतं.

"डॉक्टरानं हिला काय सांगितलान ते ठाव हाय? घरी तरी पाण्यात हात घालू नको, मिरचीला शिवू नको. नायतर बोटं आखडतील नि काम सुटेल. ही माझी बघा!" मावशींनी आपली वाकडी बोटं पुढे केली.

आरोहीचा चेहरा उतरला. "आई, तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?" गुणवंतीबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "सांगून भात कोण घालणार होतं? आणि काल तुम्ही एवढ्या हौसेनं दिलंत. नको कसं म्हणू?"

"पण मावशी, आईला मदत व्हावी म्हणून तर आम्ही..."

"पुस्तकानं कधी कांदा चिरलान? काय रांधायचं ते तिला सांगणं ही मदत नाय, बाय. ते वाढीव काम. तिच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यावं, ती मदत."

"मला यातलं काय येत नाय, मावशी," दर्शन पुटपुटला.

"वाचता येतं ना? मग वाच नि कर! आणि बाप्यांना रांधता येत नाय, हे मला सांगू नको. तुझा बापूस बोटीवर आठ माणसांचं जेवण करतो. सगळी वाखाणतात. मग धक्क्याला पाय लागला की त्याचे हात कुठे जातात?"

दर्शन उठला, ओट्याशी गेला आणि त्याने मिरच्या आपल्याकडे ओढल्या. आरोहीने कांदा घेतला. ती रडत होती, आणि ते कांद्यामुळे नव्हतं.

जेवण व्हायला तीन वाजले. पुलावाचा गोळा झाला, मीठही जास्त पडलं. गुणवंतीबाई तीनदा उठल्या, तिन्ही वेळा चिमामावशींनी त्यांना दटावून खाली बसवलं. ताटं वाढून आरोही हाक मारायला गेली, तर आई भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती. दोघं ताटांवर झाकणं ठेवून बसून राहिली.

मंगळवारी भावेश बोटीवरून आला. मुलाला ओट्याशी भात वेळून पेज काढताना पाहून तो दारातच थबकला. आरोहीने त्याला सगळं सांगितलं. त्याने बायकोचे हात आपल्या हातात घेऊन पाहिले, किती वर्षांनी पाहिले कुणास ठाऊक! मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि मसाल्याचा डबा कुठे असतो, ते मुलीला विचारलं. आपल्याच घरातला मसाल्याचा डबा त्याला विचारावा लागला आणि त्याची त्याला लाज वाटली.

"मी काय करू?" गुणवंतीबाईंनी विचारलं.

"काही नको करूस," भावेश म्हणाला. "बस."

त्या बसल्या. भेगा भरायला अजून बरेच दिवस लागणार होते.

मित्रहो, आपल्या घरातल्या दमलेल्या माणसाला भेट द्यावीशी वाटली, तर दुकानात जाण्याआधी एवढंच पाहा, की त्या भेटीने त्याचं काम वाढणार आहे की कमी होणार आहे. वाढणार असेल, तर ती भेट नव्हे, गोड बोलून सोडलेला हुकूम आहे!