दोषांची खुर्ची

थोरल्याच्या ऑफिसात म्हणे कुठलाही निर्णय असाच घेतात. चार खुर्च्या मांडायच्या. एकीवरच्याने नुसती माहिती सांगायची, दुसरीवरच्याने फायदे, तिसरीवरच्याने दोष आणि चौथीवरच्याने मनात काय येतं ते. भांडण होत नाही, कोणी वाईट ठरत नाही. बापाला घरी ठेवायचं की वृद्धाश्रमात, हे बापासमोरच ठरवायला याहून सभ्य रीत कुठून आणणार?

म्हाताऱ्याने उभी हयात पंपांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेली. त्याच्या नजरेतून साधा ओरखडा सुटत नसे. थोरल्याने त्याला दोषांची खुर्ची दिली तेव्हा त्याची कळी खुलली. बाबांनी घरीच राहिलं तर काय काय अडचणी, ते बाबांनीच सांगायचं होतं. मनाच्या खुर्चीवर धाकटी मुलगी बसली आणि तो निर्धास्त झाला. आई गेल्यापासून तिची वेणीसुद्धा त्यानेच घातली होती. ती काय बोलणार हे ठरलेलंच होतं, मग आपलं काम चोख करायला काय हरकत?

सुनेने औषधं, डॉक्टर, जिने अशी माहिती दिली. थोरल्याने बाबांनी घरी राहण्याचे दोन फायदे सांगितले आणि तिसऱ्यासाठी छताकडे बघत बसला.

मग म्हातारा सरसावला. गॅस दोनदा चालू राहिला होता, हे त्याने स्वतःहून सांगितलं. सुनेने बढती नाकारली ती आपल्यापायी, हेही सांगितलं. सून नको नको म्हणत होती, पण हा आता कुणाला ऐकतो?

"अंथरूण ओलं होतं माझं," तो म्हणाला. "ती पहाटे गुपचूप धुते. हे पुढे वाढणार, कमी होणार नाही."

थोरल्याने धाकटीला खूण केली. या खुर्चीला कारण द्यावं लागत नाही, असंही तो म्हणाला. तरी तिने दिलं.

"बाबा तिकडे जाणार म्हटलं की मला हायसं वाटतं," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "ते माझी वेणी घालायचे आणि वाकडी झाली म्हणून पुन्हा सोडायचे. शाळेची घंटा व्हायची तरी सोडायचे. मला अजून त्यांच्यासमोर जेवताना भीती वाटते."

म्हाताऱ्याला वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही.

पुढे ठरवायला फारसं काही उरलं नव्हतं. थोरला उठला, बापाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुमच्यामुळे सोपं झालं, बाबा. इतकं नेमकं आमच्या ऑफिसातही कोणी मांडत नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, ते ऐकून त्याला क्षणभर बरं वाटलं.