दाराजवळची खुंटी

मिरवोहिद धापा टाकत नवव्या मजल्यावर पोहोचला, तेव्हा सलोमत मावशी स्टुलावर चढून कपाटावर काहीतरी शोधत होत्या. भोंगा कोकलतच होता. आगीची तालीम होती, आणि आमचे ताश्कंदचे लोक हातातला चहा संपवल्याशिवाय आगीलाही दाद देत नाहीत. तरी सगळी इमारत केव्हाच अंगणात उतरली होती. उरल्या होत्या फक्त मावशी.

"मावशी, खरी आग असती तर?"

"ओरडू नकोस. सापडली बघ."

फडक्यात गुंडाळलेली, दगडासारखी वाळलेली रोटी. कडेला एक घास दाताने तोडलेला. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा इल्होम कोरियात कामाला निघाला, तेव्हा उंबऱ्यावर त्याने तो तोडला होता. उरलेली रोटी त्यानेच सुखरूप परत येऊन संपवायची, अशी आमची रीत. तोवर ती आईने जपायची. मिरवोहिद सैन्यात गेला तेव्हा त्याच्या आईनेही अशीच एक जपली होती. त्यामुळे ओठांवर आलेले 'शिळा तुकडा' हे शब्द त्याने गिळले.

पण इमारतीच्या सुरक्षेची जबाबदारी त्याची होती. रिकाम्या हाताने उतरा, ही पाटी त्यानेच जिन्यात लावली होती.

"सोळा मिनिटं झाली, मावशी! अहवालात काय लिहू?"

"लिही, म्हातारी हट्टी आहे. पोरगा आला आणि रोटी नसली तर?"

"आणि रोटी असली, पण तुम्ही नसलात तर?"

मावशींनी रोटी छातीशी धरली. आणि त्या जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी मिरवोहिदने त्यांच्या दाराजवळ, सहज हात पोहोचेल अशी खुंटी बसवली आणि रोटीची पिशवी तिला अडकवली. पुढच्या तालमीत मावशी पाच मिनिटांत अंगणात! अख्ख्या इमारतीने टाळ्या वाजवल्या.

शाबासकी द्यायला तो वर गेला. खुंटीशेजारी एक नवा खिळा होता, वाकडातिकडा ठोकलेला. मावशींनी ताजी रोटी त्याच्यापुढे धरली.

"तोड घास."

"मी कुठे चाललोय, मावशी?"

"त्या दिवशी भोंगा वाजला, सगळे खाली पळाले. वर कोण आलं होतं?"

 मिरवोहिदने घास तोडला.  मावशींनी उरलेली रोटी फडक्यात बांधली आणि खिळ्याला टांगली.