दुसऱ्या रविवारची हरकत

बुधवारची घरप्रार्थना कुणाकडे, तरुण संघाची सभा किती वाजता, या सूचना वाचून झाल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि कागदावरचा शेवटचा मजकूर वाचला.

"आपल्या मंडळीतले आकाराम योसेफ समुद्रे आणि संयोगिता अमरसिंह आवळे यांच्या विवाहाची ही दुसरी पुकार. या विवाहास कुणाची हरकत असल्यास त्यानं ती कळवावी."

लग्नाआधी तीन रविवार अशी पुकार वाचायची रीत आहे. हरकत कुणी घेत नाही. मंगळवार पेठेतल्या गल्लीतलं ते लहानसं चर्च, तिथं तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतही कुणी घेतली नव्हती. कॉयरच्या बायकांनी पुढच्या गीताचं पान काढलं होतं, पेटीवाल्यानं भाता उघडला होता. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर संग्राम उभा राहिला.

"माझी हरकत हाय," तो म्हणाला.

संग्राम हा संयोगिताबाईंचा एकुलता एक मुलगा. वय चौतीस, शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनिअर. फारसा न बोलणारा. तो उभा राहिला तेव्हा बायकांच्या बाजूला बसलेल्या त्याच्या आईनं मान वळवली नाही. शेवटच्या बाकावर आकाराम होते, त्यांनी फक्त डोळे मिटले.

"काय हरकत आहे, संग्राम?" पाळकसाहेबांनी विचारलं.

संग्रामनं तोंड उघडलं. पुढच्या बाकाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. "मला आत्ता सांगता येत न्हाय," असं म्हणून तो खाली बसला.

पाळकसाहेब रागावले नाहीत. "बरं," ते म्हणाले, "तिसरी पुकार आपण थांबवू. संग्रामला सांगता येईल तेव्हा तो सांगेल. आता सगळे शांतपणे प्रार्थना करू."

संयोगिताबाई बासष्ट वर्षांच्या. अख्खी नोकरी नर्स म्हणून केलेली, त्यामुळे मंडळीत त्यांना सगळे सिस्टर म्हणत. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अमरसिंह गेले. फुप्फुसाच्या आजारानं आठ महिने अंथरुणावर होते. आकाराम हे अमरसिंहांचे लहानपणापासूनचे दोस्त. फाउंड्रीत वाळूचे साचे करणारे मोल्डर म्हणून राबून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली, मुलगी वर्षाराणी लग्न होऊन गडहिंग्लजला. शिरोलीत एका खोलीत एकटेच राहायचे.

उपासना झाली की सिस्टर चर्चच्या व्हरांड्यात म्हाताऱ्या माणसांचं बीपी तपासायच्या. आकारामचं दर वेळी जास्तच निघायचं. "दर रविवारी दाखवत चला," असं त्यांनी सांगितलं, आणि आकाराम दर रविवारी अर्धा तास आधी येऊन बसू लागले. कॉयरमधल्या बायकांना जे दिसायचं ते दिसत होतं, पण दोघांनी ते तोंडानं बोलायला दोन वर्षं लावली. सिस्टरनी मुलाला सांगितलं तेव्हा तो "तुझं तू बघ" म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेला. त्यांनी तोच होकार समजला होता.

त्या रविवारी घरी आल्यावर सून निशानं जेवायला वाढलं. सिस्टरनी नातीला रश्श्यात भाकरी कुस्करून दिली. संग्राम ताटाकडं बघत बसला होता.

"आई, तू कायच बोलणार न्हाईस?"

"तुला सांगता आलं की सांग," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या मनाविरुद्ध मी लग्न करायची न्हाय. तुझ्यावर राग पण धरायची न्हाय. पण मला वाईट वाटलंय, संग्राम. ते लपवून ठेवणार न्हाय मी."

निशा आतून पाणी घेऊन आली आणि तिनं तांब्या दोघांच्या मध्ये ठेवला.

बुधवारची घरप्रार्थना यादीप्रमाणे नेमकी त्यांच्याकडेच होती. या आठवड्यात कुणी येणार नाही, असं संग्रामला वाटत होतं. येऊ नये, असंही वाटत होतं. साडेसहाला दारात चपला जमायला लागल्या, आणि सात वाजेपर्यंत जिन्यापर्यंत गेल्या. चटया कमी पडल्या म्हणून शेजारच्यांकडून आणल्या. गीतं झाली, वाचन झालं. मग अंबूबाईंनी प्रार्थना केली. त्या ब्याऐंशीच्या, एका डोळ्यानं दिसत नाही, आणि देवाशी बोलतानाही गल्लीत बोलल्यासारखंच मोठ्यानं बोलायच्या.

"बापा, ह्या घराला आशीर्वाद दे. ह्या संग्रामच्या मनात काय हाय ते तुला ठावं हाय, आमाला न्हाय. त्याला ते सांगाय येऊ दे. आन् त्यानं सांगितलं, तर आमाला गप बसून ऐकाय येऊ दे. आमेन."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग पोहे आले, चहा आला. पाळकसाहेब चर्चच्या गळक्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिले, कुणीतरी नातवाच्या दहावीचं सांगितलं. पुकारीचा विषय एकानंही काढला नाही. आईशी सगळ्या नेहमीसारख्या बोलत होत्या, त्याच्याशीही. समजूत घालायला कुणी आलं असतं तर संग्रामनं भांडण केलं असतं. त्याची तयारी करून तो बसला होता, आणि आता त्या तयारीचं काय करावं ते त्याला कळेना.

निघताना अंबूबाईंनी त्याचं मनगट धरलं. जिना उतरायला आधार हवा होता त्यांना. खालच्या पायरीवर आल्यावर म्हणाल्या, "आकाराम आला न्हाय आज. कवा चुकवत न्हाय त्यो."

शनिवारी दुपारी कारखाना सुटल्यावर संग्रामनं गाडी घराकडं वळवण्याऐवजी शिरोली गावात घेतली. आकाराम खोलीच्या उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होते. बोटांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. त्याला बघून ते उठले, आत जाऊन एक पोतं आणून अंथरलं.

"बस. चहा टाकतो."

"नको काका."

"मला पायजे की," म्हणत त्यांनी स्टोव्ह पेटवला. आधण ठेवून परत आले आणि म्हणाले, "पाळकसाहेबांना मी निरोप दिलाय. नावं काढा म्हणून. तुझ्या आईला अजून सांगितलं न्हाय. कसं सांगायचं तेच कळंना झालंय."

"मी त्यासाठी आलो न्हाय."

संग्रामनं मेथीची एक काडी उचलली आणि पानं खुडायला लागला.

"काका, पप्पांना अंघोळ कोण घालायचं?"

"मी आन् सिस्टर मिळून."

"जेवण?"

"सिस्टर भरवायच्या. माझ्या हातनं सांडायचं."

"मी त्या आठ महिन्यांत दोनदा आलतो," संग्राम म्हणाला. "दोनदा."

"तवा तू चेन्नईत व्हतास, नोकरी नवी व्हती तुझी. लांबचा पल्ला."

"सगळे असंच म्हणतात." त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही आमच्या दारात आला की मला तेच दिसतं. पप्पांना उचलायला मी पायजे होतो, तिथं तुम्ही होता. आता तुम्ही कायमचे घरात आला तर मला ते रोज दिसणार. सकाळी दिसणार, जेवताना दिसणार. तुमच्याबद्दल वाईट कायच न्हाय माझ्या मनात. पण हीच माझी हरकत हाय. चर्चमध्ये सगळ्यांसमोर कशी सांगायची ती?"

चहा उतू गेला. आकाराम उठले, स्टोव्ह बंद केला, पण चहा गाळला नाही. येऊन त्याच्या शेजारी टेकले.

"शनिवारी मी अमरसिंहाची दाढी करायचो. ठावं हाय तुला?"

"व्हय. रविवारसाठी. आईनं सांगितलेलं."

"रविवारी कुठं जायचं व्हतं त्याला? चर्च तर कवाच सुटलतं." आकाराम समोरच्या रस्त्याकडं बघत बोलत होते. "शनिवारी संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल असायचा. दाढी वाढलेली दिसली की पोरगं घाबरतंय, म्हणायचा. कॉलच्या आधी ऑक्सिजनची नळी काढायला लावायचा. सिस्टर न्हाय म्हणायच्या, तर हात जोडायचा. पाच-सात मिनिटं तसाच बसायचा तुझ्यासमोर, हसत. फोन ठेवला की तासभर धाप थांबायची न्हाय."

संग्रामच्या हातातली काडी तशीच राहिली.

"तुला बोलवू नका, हे त्यानंच बजावलं व्हतं. निशा पोटुशी, तिला कसं सोडून येणार, म्हणायचा. आमी त्याचं ऐकलं. दोनदा तू आलास तेव्हा बी बरं वाटतंय असंच तुला सांगितलं आमी. शेवटचा महिना मला झोप लागायची न्हाय. वाटायचं, पोराला फोन करावा. केला न्हाय." त्यांनी तळहात गुडघ्यावर घासले. "म्हणून सांगतो, तू न्हवतास असं न्हाय, बाळ. तुला आमी येऊ दिलं न्हाय. माफी मागायची असली तर ती मी मागायला पायजे. तीन वर्षं झाली, धीर झाला न्हाय."

संग्राम रडायला लागला. अंत्यविधीच्या दिवशी तो रडला नव्हता, खुर्च्या आणि गाड्यांची व्यवस्था बघत फिरला होता. आकारामनी मेथीची परडी बाजूला सारली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं बघितलं आणि मान खाली घालून ती पुढं गेली. बऱ्याच वेळानं दोघांनी गार झालेला चहा प्यायला.

घरी आल्यावर त्यानं आईला एवढंच विचारलं, "पप्पा नळी काढून बसायचे?"

सिस्टर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या पलंगावर टेकल्या. "तुला आकारामांनी सांगितलं?"

"व्हय."

"मी सांगायला पायजे होतं," त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज सांगू. मग तुझं तोंड बघितलं की वाटायचं, आता सांगून काय, उगीच जास्त दुखेल." संग्राम त्यांच्या शेजारी बसला. लहानपणी बसायचा तसा, खांद्याला खांदा लावून. त्या शेवटच्या महिन्यांतलं एकेक त्या सांगत गेल्या, आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं. निशा मुलीला घेऊन गच्चीवर गेली होती, ती जेवणाच्या वेळेलाच खाली आली.

दुसऱ्या दिवशी सूचना वाचून झाल्यावर संग्राम परत उभा राहिला. या वेळी त्यानं बाक धरला नव्हता. "माझी हरकत मी मागं घेतो," तो म्हणाला. "ज्यांना कारण सांगायचं होतं त्यांना सांगितलंय. मंडळीला त्रास झाला, त्याची माफी असावी." आणि मागं वळून त्यानं शेवटच्या बाकाकडं बघितलं. आकाराम आले होते. येताना सोबत घेऊन यायला संग्रामच गेला होता.

"मग नावं काढायची नाहीत ना?" पाळकसाहेबांनी आकारामांना विचारलं, आणि त्यांनी नाही अशी मान हलवली. मग पाळकसाहेब म्हणाले, "पुकारीत मध्ये खंड पडला आहे. नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून तीन रविवार वाचावी लागेल."

"म्हंजे आनी तीन आठवडे?" अंबूबाई बायकांच्या बाजूनं म्हणाल्या. "माझं वय बघा की, पाळकसाहेब."

सगळं चर्च हसलं. सिस्टरही हसल्या, आणि पदरानं डोळे टिपले.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी लग्न झालं. वर्षाराणी आदल्या दिवशीच एसटीनं आली होती. बायकांनी चर्चच्या मागं चुली मांडून जेवण केलं. आईचा हात धरून तिला वेदीपर्यंत संग्राम घेऊन आला.

त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही. आकाराम पहाटे साडेचारला उठून भांडी वाजवायचे, चहात साखर फार घालायचे, आणि टीव्हीसमोरच्या अमरसिंहांच्या खुर्चीवर बसायचं टाळून स्टूल ओढून घ्यायचे. कधी कधी संग्राम ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा. आकाराम त्याला हाक मारायचे नाहीत. तास-दीड तासानं तो आपणच बाहेर येऊन बसायचा.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्या चर्चमध्ये भाकरीची ताटली बाकावरून बाकावर, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. वडील गेल्यापासून संग्राम स्वतः तुकडा न घेता ती नुसती पुढं देत आला होता; मनावर ओझं असताना तो तुकडा घ्यायचा नसतो, असं त्याला लहानपणी शिकवलेलं होतं. शेजारच्यांना माहीत होतं, पण कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्याच्या उजव्या हाताला आकाराम बसले होते. त्यांनी आपला तुकडा घेतला आणि ताटली त्याच्याकडं केली. संग्रामनं ती खालून धरली. ताटली थोडा वेळ दोघांच्या हातात राहिली. मग त्यानं एक तुकडा उचलला, तोंडात घातला, आणि ताटली पलीकडच्या माणसाला दिली.