फोन वाजला आणि कुणी बोललं नाही तर

नळ गळत असेल तर इंग्रजीत काय म्हणायचं, हे मला तोंडपाठ होतं. जास्तीचा टॉवेल कसा मागायचा, नाश्ता किती वाजता ते कसं विचारायचं, तेही. सूनबाई ओट्यामागे उभी राहून हॉटेलवाली व्हायची आणि मी पिशवी घेऊन दारातून आत यायचे. "आई, जरा हसा की, भांडायला आल्यासारख्या दिसता," म्हणायची. पण मला खरं लागणार होतं ते वाक्य आम्ही दोघींनी कधी घोकलंच नाही.

आमच्या ह्यांचं आयुष्य बाजारात लिलाव पुकारण्यात गेलं. आवाज असा, की घरात शिंकले तरी शेजारी दचकायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता गळ्याला नळी आहे. ती कफाने बुजली की जीव कासावीस होतो, आणि साफ करायची ती मीच. उद्या सकाळी ह्या परमुलखातल्या हॉटेलासमोरच्या इस्पितळात मला रांग धरायची होती, ह्यांना खोलीत एकटं ठेवून. मुलाला रजा मिळाली नव्हती. नेमकी तेव्हाच नळी बुजली, तर हा माणूस हाक कशी मारणार?

काउंटरवर एक चष्मेवाला होता. "गुड इव्हिनिंग. वी हॅव अ रूम बुक्ड," मी घडाघडा म्हणून टाकलं. सही झाली, किल्ली मिळाली. तो कॉम्प्युटरकडे वळलासुद्धा. माझे पाय मात्र हलेनात.

"सर, टुमॉरो मॉर्निंग आय गो हॉस्पिटल. हजबंड इन रूम. फोन रिंग..." इथे माझं घोडं अडलं.

"वेक-अप कॉल, मॅडम?"

झोपेतून उठवणं सुनेने शिकवलं होतं, म्हणून तेवढं कळलं. "नो, नो! ही फोन. नो टॉक. नो व्हॉइस. यू कम!"

"नो प्रॉब्लेम, मॅडम," तो गोड हसला. काही कळलं नाही की माणूस असंच म्हणतो. मीही सुनेला तेच म्हणते.

ह्यांनी माझी बाही ओढली. चल, अशी खूण केली. लाज वाटत होती त्यांना. ऑपरेशननंतर एकदा सवयीने मुलाला फोन लावला होता. तो "हॅलो, हॅलो" करून वैतागला आणि ठेवून दिला. तेव्हापासून ह्यांनी फोनला हात लावला नव्हता.

"अहो, वर जा आणि इथे फोन लावा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"माझ्यासाठी लावा. नाहीतर उद्या रांगेत काळजीनेच मरेन मी."

किल्ली घेऊन ते लिफ्टमध्ये शिरले. मी काउंटरवरच्या फोनकडे बघत उभी राहिले. लावतील ना? का जाऊन पडून राहिले असतील, भिंतीकडे तोंड करून? का आत्ताच नळी बुजली? चष्मेवाला माझ्याकडे बघेना, मी फोनवरून नजर काढेना.

फोन वाजला.

"रिसेप्शन, गुड इव्हिनिंग. हॅलो? हॅलो?" तो ठेवणार, तोच मी त्याचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचं, भर हॉटेलात. "नो! माय हजबंड!"

त्याने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. आतून आवाज आला, मलाही ऐकू आला. ठक. ठक. ठक. किल्लीने वाजवत होते. बाजारात लिलाव तोडताना टेबलावर हातोडी अशीच मारायचे: एकवार, दोनवार, तीनवार.

चष्मेवाल्याचा चेहरा बदलला. "यस, सर," तो फोनमध्ये म्हणाला, अगदी सावकाश. "आय ॲम कमिंग, सर." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने पळाला.

मी धापा टाकत पोचले तेव्हा तो दारात उभा होता. हे पलंगाच्या कडेला बसले होते. नळी ठीक होती. रिसीव्हर अजून कानाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ठेवा आता," मी म्हटलं. "आला तो."

पण ते काही केल्या ठेवेनात.