आत्याबाईंचे साडेपाच

"सायंकाळचे साडेसहा वाजले आहेत," संगणक बोलला, आणि अण्णाप्पांनी पुढ्यातलं ताट हलकेच दूर सारलं.

भाकरीची वाफ अजून गेली नव्हती. प्राची मिरजेच्या बसमधून उतरून धावतच घरी आली होती. पर्स खांद्यालाच होती आणि ताट वाढायच्या घाईत पायातलं एकच चप्पल निघालं होतं. हे बोलतं घड्याळ तिनंच दिवाळीआधी खपून घरच्या संगणकात बसवलं होतं आणि आदल्या रविवारी मराठीत चालू केलं होतं. दर अर्ध्या तासाला ते वेळ सांगणार, म्हणजे डोळे गेलेल्या सासऱ्यांना दिवस कुठवर आला ते कळणार. झालं भलतंच. घड्याळ खरं बोललं आणि म्हातारा उपाशी बसला.

"दोन घास तरी घ्या, मामंजी."

"सूर्य बुडाला, पोरी. आता पाणी बी न्हाई."

त्यांनी पाठीमागच्या भिंतीला तळवा लावला. उठायला आधार घेत असतील असं प्राचीला वाटलं. पण ते उठले नाहीत.

सूर्य बुडायच्या आत जेवायचं, हा जैन घरातल्या अण्णाप्पांचा लहानपणापासूनचा नेम. सांगलीच्या हळदीच्या पेठेत भर सौद्यातून उठून ते घरी जेवायला यायचे. काचबिंदूनं डोळे नेले, तेव्हापासून हा नेम त्यांच्या बायकोच्या, गुणमालाबाईंच्या, जिभेवर चालला. यांनी विचारायचं, "सूर्य हाय का गं अजून?" आणि तिनं कानडीत वेळ सांगून ताट वाढायचं. तिचं माहेर अथणीकडचं. रागाला आली की कानडी, लाडात आली की कानडी. दिवाळी झाली आणि ती गेली.

आता प्राचीचा नवरा जिनेश नोकरीला पुण्यात, शनिवारचा येणारा. प्राची ऑफिसातून परत येईतो थंडीचा दिवस मावळलेला. वाढून ठेवलेल्या ताटाला म्हातारा हात लावत नसे. जन्मात कुणी समोर बसून वाढल्याशिवाय जेवला नव्हता. शेजारच्या शालूबाई वाढायला तयार होत्या, तर म्हणाला, "शेजारणीनं वाढायचं अन् मी जेवायचं, बरं दिसतंय का ते?" साखर उतरवायच्या गोळ्या मात्र चालू. एका सकाळी मोरीत भोवळ येऊन पडला. डॉक्टरांनी प्राचीलाच झापलं. रात्रीचा उपास पुन्हा घडला तर पुढचं पडणं शेवटचं असेल, म्हणाले.

त्या संध्याकाळी ताट झाकून प्राची संगणकापुढं बसली. घड्याळाच्या यादीत मराठी होती, हिंदी होती, इंग्रजी होती. खाली चौथी ओळ होती, कानडी. त्या ओळीवर बोट न्यायचं ती इतके दिवस टाळत आली होती.

त्या घड्याळात कानडी मुळात नव्हतीच. पण आपल्या आवाजात एकेक वेळ बोलून नवी भाषा भरता येत होती. दिवाळीआधी अंथरुणाला खिळलेल्या गुणमालाबाईंनी हे ऐकलं आणि हट्टच धरला. "मी गेल्यावर ह्यास्नी येळ कोण सांगंल? तुज्या त्या मशिनला माजी जीभ लाव." मग प्राचीनं मराठीत वेळ सांगायची आणि सासूनं ती माइकात कानडीत म्हणायची. दर वेळेला हातातल्या बांगड्या किणकिणायच्या.

"आत्याबाई, हात हलवू नका."

"हात हलला न्हाई तर बाई बोलंल कशी? तू आपली बांगड्या सोडून मनगटाला घड्याळ बांधून फिर. लगीन झाल्यालं कंडक्टरला तरी कळंल का?"

मध्येच दमायच्या. दमल्या की थाप मारायच्या. महापुरात म्हणे मगर यांच्या जिन्यावर येऊन बसली होती. यांनी तिला कानडीत दटावलं, तशी मान खाली घालून माघारी गेली. "अथणीकडचीच हुती. पाण्याच्या उलटी पोहत आल्याली, माज्या माहेराहून." प्राची हसली की आणखी एक मगर निघायची. प्राची पाटणची. तिला कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासू जे म्हणेल ते तिनं मुकाट भरून घेतलं.

आता तिनं चौथी ओळ दाबली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ताट वाढलेलं होतं. आधी बांगड्या वाजल्या. मग लांब श्वास. मग गुणमालाबाई म्हणाल्या, "ऐदूवरे. ऊटक्क बर्री."

अण्णाप्पांची मान वर झाली. बराच वेळ ती तशीच राहिली. मग त्यांनी हात धुतला, भाकरी मोडली आणि सगळी खाल्ली. वर आमटी मागून घेतली.

त्या दिवसापासून म्हातारा जेवू लागला आणि घर बिघडलं. बिघडलं म्हणजे काय, ते प्राचीला कुणाला सांगता आलं नसतं. सकाळी आठ वाजता सासू वेळ सांगायची. नऊला वेळ सांगण्याआधी खोकायची, आणि प्राचीचा हात पाण्याच्या तांब्याकडं जायचा. एकदा भांडी घासता घासता ती "आले, आत्याबाई" म्हणाली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मांजर संगणकाच्या कोपऱ्यात फिरकेना. तो नुसता साठवलेला आवाज आहे हे प्राचीला ठाऊक होतं, तिनंच तर साठवला होता. तरी संध्याकाळी कुलपाला किल्ली लावायच्या आधी ती दाराला कान लावायची.

एके दिवशी शालूबाई लोणच्याची वाटी परत द्यायला आल्या. त्याही अथणीकडच्याच. त्या उंबऱ्यात असतानाच साडेसहा झाले, बांगड्या वाजल्या, आवाज आला. शालूबाईंनी बाहेरच्या अंधाराकडं पाहिलं. मग आत जेवणाऱ्या अण्णाप्पांकडं पाहिलं. मग प्राचीला दंडाला धरून जिन्यावर नेलं.

"काय सांगतंय गं तुजं मशिन?"

"वेळ सांगतंय. आत्याबाईंचा आवाज आहे."

"आवाज वळखला मी. जल्मभर भांडलोय आमी दोघी. पर ती साडेपाच म्हणतीया, बाई. साडेपाच झालं, जेवाय या, म्हणतीया."

अण्णाप्पा आत आडवे झाल्यावर दोघींनी एकेक वेळ लावून ऐकली. साडेपाचला साडेपाच. सहाला साडेपाच. साडेसहाला साडेपाच. सात मात्र बरोबर.

"सूर्याला टांगून ठिवलाय बघ सटवीनं," शालूबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. जाताना त्यांनी संगणकाला हात जोडले.

प्राचीला आठवलं. "साडेसहा म्हणा," असं आपण म्हटलं होतं. सासूनं आपल्या डोळ्याला डोळा लावून ते शब्द म्हटले होते आणि मग गालात हसून पाणी मागितलं होतं.

खरी वेळ भरावी, तर म्हातारा उपाशी झोपणार आणि एका सकाळी उठणार नाही. आहे तसं ठेवावं, तर जन्मभराचा नेम रोज आपल्या हातानं मोडायचा. तोही आंधळ्या माणसाचा. तिनं संगणक बंद केला, पुन्हा लावला.

रविवारी ऊन असतानाच जेवण उरकलं. जिनेश गावात गेला होता. प्राची सासऱ्यांच्या समोर येऊन बसली.

"मामंजी, एक सांगायचंय. रागावू नका."

"साडेपाचचं न्हवं?"

प्राचीची नजर संगणकाकडं गेली.

"शालू जिन्यात कुजबुजली तरी गल्लीत ऐकू येतंय. पर मला तिच्या बी आधीपास्नं ठावं हाय." त्यांनी तिचा हात धरून पाठीमागच्या भिंतीला लावला. भिंत कोमट होती. "ह्या भिताडावर दुपारपास्नं ऊन असतंय. सूर्य गेला की गार पडतंय. डोळं गेलं माजं, पाठ कुटं गेली?"

"म्हणजे आत्याबाई होत्या तेव्हाही?"

"ती मळ्यातनं दमून यायची. कवा येळ व्हायचा. साडेपाच झालं म्हणायची. आता बायकोला लबाड म्हणून उपाशी निजायचं, का गप जेवायचं?"

"आणि नेम?"

अण्णाप्पांनी भिंतीवरचा हात खाली घेतला.

"तिला वाटायचं, लबाडी माजी, पाप मला. मला वाटायचं, कळत असताना जेवतोय, पाप मला. दोघांनी बी एकमेकाला कळू दिलं न्हाई."

"मग तो मराठी आवाज लावला तेव्हा का नाही जेवलात?"

"त्यो खरं बोलत हुता गं. खऱ्याम्होरं घास कसा उतरंल?"

त्यानंतर प्राचीनं घड्याळाला हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती बसमधून उतरली तर गल्लीभर लाइट गेलेली. घरात काळोख. संगणक मुका. मोबाइलचा उजेड स्वयंपाकघरात ठेवून तिनं चाचपडतच ताट वाढलं आणि समोर आणलं. अण्णाप्पांचा तळवा भिंतीवर होता. त्यांनी ताट ओढलं नाही, दूरही सारलं नाही. संगणकाच्या कोपऱ्याकडं तोंड करून ते नुसते वाट पाहत बसले. साडेसहा होऊन गेले असावेत.

"सूर्य हाय का गं अजून?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न कुणाला होता ते प्राचीला कळलं नाही. तिनं खिडकीकडं पाहिलं. बाहेर काही दिसत नव्हतं. तिनं ओठ ओले केले.

"ऐदूवरे," ती म्हणाली. पाटणच्या जिभेवर ते अडखळलं. "ऊटक्क बर्री."

अण्णाप्पांनी हात धुतला. भाकरी मोडल्याचा आवाज आला. आणि त्याच वेळी, कोपऱ्यात, बंद संगणकापाशी, बांगड्या हलक्या किणकिणल्या.

घास तोंडाशी थांबला.

"बांगड्या भरल्यास व्हय गं आज?"

प्राचीनं मनगटावरच्या घड्याळावर दुसऱ्या हाताची मूठ घट्ट आवळली.

"व्हय, मामंजी," ती म्हणाली. "आजच भरल्या."